छताची कड

अमृत भारत योजनेत निवडलेल्या स्थानकांची संकल्पचित्रं पाहावीत तर ती जवळजवळ सगळी रस्त्याच्या बाजूने काढलेली दिसतात. रुंद दर्शनी भाग, त्यावर पुढे झेपावणारं छत, खाली दोन-चार मोटारी आणि वर निरभ्र आकाश. फलाट चित्रात नसतो, पाऊसही नसतो. ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची एकाच दिवशी पायाभरणी झाली. त्यांतली ४४ महाराष्ट्रातली होती, आणि पुणे विभागातून कोल्हापूर, तळेगाव यांच्याबरोबर आकुर्डीचं नाव होतं. तेव्हापासून आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये स्थानकांविषयी जे बोललं-लिहिलं जातं, ते या एका प्रश्नाभोवती फिरतं: आकुर्डी स्थानक दिसावं कसं?

ही चर्चा मला उथळ वाटते. दिसण्याला महत्त्व नाही असं माझं म्हणणं नाही. पण छताचं काम वरून झाकणं एवढंच आहे, हे सगळे न तपासता धरून चालले आहेत, आणि मावळाच्या तोंडाशी वसलेल्या गावात हे धरून चालता येत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, पुण्यात सातशेच्या आसपास. आकुर्डी या दोहोंच्या मधे आहे. घाटावरून येणारं वारं इथे अजून मोकळं असतं, आणि जुलैत पाऊस वरून पडतो त्याहून जास्त बाजूने येतो.

काही मतांना फार उत्तर द्यायची गरज नाही. दर्शनी भागाला वाड्याच्या कमानी लावल्या की स्थानकाला मराठी चेहरा येईल, असं काहींना वाटतं. त्या कमानींखाली कोणी गाडीची वाट पाहत नाही. विमानतळासारखं स्थानक हवं म्हणणारे विसरतात की विमानतळावर प्रवासी धावपट्टीच्या कडेला उभा राहत नाही, रेल्वेत मात्र तो रुळांच्या कडेलाच उभा असतो. आणि स्थानकाच्या माथ्यावर रूफ प्लाझा करून दुकानं थाटावीत, हा विचार मुळात छताचा नाहीच, भाड्याचा आहे.

एक मत मात्र असं झटकून टाकता येत नाही, कारण ते मांडणारे जाणकार असतात आणि त्यांच्या मनात प्रवाशाविषयी खरी कळकळ असते. ते म्हणतात, आपली उपनगरी स्थानकं दरिद्री वाटतात कारण त्यांची छपरं ठेंगणी आहेत. पत्र्याची शेड माणसाला खाली दाबते. एकोणिसाव्या शतकाने रेल्वेला भव्य छत दिलं. लंडनच्या सेंट पँक्रसला विल्यम बार्लोने १८६८ साली ७३ मीटरचा गाळा एकाच कमानीत झाकला, मधे एकही खांब न ठेवता. मुंबईत फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ साली बोरीबंदरचं काम सुरू केलं आणि दहा वर्षांत जगाने पाहत राहावं असं स्थानक उभं राहिलं. तिकीट काढलेल्या कुणालाही राजवाड्याच्या उंचीचा अवकाश मिळतो तो अशा ठिकाणी. मग आकुर्डीला उतरून कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या आणि कॉलेज गाठणाऱ्या मुलीच्या डोक्यावर तो का नसावा?

या युक्तिवादात नैतिक बळ आहे. म्हणूनच तो मुळापासून तपासायला हवा.

आधी उंचीचं पाहू. बार्लोची कमान सुमारे तीस मीटर उंच आहे. तिचा गाळा इतका रुंद झाला त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं. फलाटांच्या खाली बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांची कोठारं होती, आणि त्या कोठारांवरचे गर्डरच कमानीचा ताण पेलत होते. त्यामुळे वर आडव्या सळ्यांची गरज उरली नाही. आणि त्या काळच्या सगळ्याच गाडीघरांना उंची लागत होती ती धुरासाठी. वाफेची इंजिनं छताखाली येऊन उभी राहत. त्यांचा धूर आणि वाफ माणसांच्या वर कुठेतरी साठायला जागा हवी होती. स्थापत्यकारांना उंचीचं सौंदर्य कळत होतं यात शंका नाही, पण धूर नसता तर त्या सौंदर्याचं बिल कोणत्याही कंपनीच्या संचालकांनी मंजूर केलं नसतं.

शिवाय हा प्रकार वाफेच्या काळातच मागे पडला, हे भव्यतेचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. १९०६-०७ मध्ये न्यूयॉर्कसमोर हडसन नदीपलीकडे होबोकेन स्थानक उभं राहत होतं. तिथे लिंकन बुश या अभियंत्याने कमान सोडूनच दिली. धूर लोखंड खात होता, काचा काळ्या पडत होत्या, उंचावरची देखभाल परवडत नव्हती. बुशने छत खाली आणलं आणि रुळांच्या बरोबर वर लांबच लांब फट ठेवली. इंजिनाचं धुराडं त्या फटीखालून सरकायचं: प्रवाशाच्या डोक्यावर छत, धुराच्या डोक्यावर आकाश. स्थानकाच्या छताच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा विचार मला हाच वाटतो, आणि त्याचं छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही.

आमच्या मार्गाचं तर आणखी वेगळं. कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेच्या तारा १९२९-३० मध्ये आल्या आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धावू लागली. पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली ती विजेवरच. म्हणजे आकुर्डीच्या लोकल प्रवाशाला धुरासाठी उंच छताची गरज कधीच नव्हती. त्याला ते आज द्यायचं तर कारण नव्याने सांगावं लागेल.

राहिलं बोरीबंदर. त्या वास्तूवर माझं प्रेम आहे. पण तिचा घुमट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कचेरीच्या मुख्य जिन्यावर आहे. ज्या अवकाशाचं उदाहरण देऊन आम्हाला लाजवलं जातं, तो कारकून आणि साहेबांना मिळाला. लोकलचा प्रवासी त्या घुमटाखालून कधी डब्यात चढला नाही.

आता पाऊस. सरी उभ्या रेषेपासून तीस अंश कलल्या, तर चार मीटर उंचीवरच्या छताच्या कडेखालून पाणी सव्वादोन मीटर आत येतं. कड बारा मीटरवर नेली की तेच पाणी जवळजवळ सात मीटर आत येतं, आणि आमच्या अनेक फलाटांवर सात मीटरनंतर कोरडं असं थोडंच उरतं. जितकं छत उंच तितकी त्याची सावली आणि कोरडी जमीन पायांपासून लांब पळते. भव्य गाडीघरांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंना भिंती बांधून सोडवला होता. भिंती वगळून फक्त उंची उचलली, तर वर अतिशय देखणं छत असतं आणि खाली माणूस भिजत असतो. लिस्बनच्या ओरिएन्ते स्थानकाबद्दल, सांतियागो कालात्राव्हाने १९९८ च्या प्रदर्शनासाठी रचलेल्या त्या पोलादी वनराईबद्दल, प्रवाशांची तक्रार नेमकी हीच आहे.

म्हणून मला छतांचे दोन प्रकार वेगळे ठेवावेसे वाटतात: अवकाश देणारं छत आणि आडोसा देणारं छत. पहिल्याचं माप उंचीत घेतात, दुसऱ्याचं त्याच्या कडेपाशी. आडोसा बाजूने मिळतो. वारा कुठून येतो आणि माणूस कुठे उभा आहे, याचा विचार केल्याशिवाय आडोसा करताच येत नाही. मावळातलं जुनं घर हे जाणून होतं. भिंतीच्या पुढे उतरलेलं छप्पर, त्याखालची वळचण, आणि पावसाळ्यात पश्चिमेच्या अंगाला झड अडवायला बांधलेले गवताचे पडदे. त्या घराची उंची किती होती हे कुणी विचारत नव्हतं.

ब्रिटिशांच्या काळातल्या छोट्या स्थानकांनाही हे कळलं होतं. फलाटावरच्या उतरत्या छपराच्या कडेला कातीव लाकडी झालर असे. वारसाप्रेमी तिची नक्षी पाहतात आणि नव्या इमारतीला तशी नक्षी लावा म्हणतात. पण ती झालर हातभर खाली उतरून झड अडवत होती आणि मावळतीचं ऊनही. तिने छताची कड माणसाच्या जवळ आणली होती. नक्षी गेली याचं मला तितकं वाईट वाटत नाही, जितकं तो हातभर आडोसा गेला याचं वाटतं.

आज बऱ्याच ठिकाणी फलाटाच्या मधोमध खांब आणि दोन्हीकडे वर उचललेले पंख, अशी शेड उभारतात. पाणी मधल्या पन्हळीत जातं, त्यामुळे डब्यात चढताना पागोळी मानेवर पडत नाही. हा फायदा खरा आहे. पण पंख वर उचलले की कड वर जाते, आणि जिथे माणूस उभा राहतो तिथेच झड मोकळी आत येते. पागोळी चुकवायची म्हणून झड पत्करायची, असा हा सौदा आहे. उलट्या उताराचं छप्पर, कडेला पन्हळ आणि पन्हळीखाली उतरलेली पट्टी यांनी दोन्ही साधतं. पन्हळ साफ ठेवावी लागते, एवढंच.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि इथे भव्य छताचा युक्तिवाद पुरता उघडा पडतो. सेंट पँक्रस आणि बोरीबंदर ही शेवटची स्थानकं आहेत. तिथे गाडी उभी असते आणि माणसं एका टोकाकडून तिच्याकडे चालत जातात. आकुर्डीला गाडी थांबते ती जेमतेम क्षणभर. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते, आणि जो जिथे उभा आहे तिथेच त्याला चढायचं असतं. रेल्वेच्या कागदांत फलाटावरच्या शेडला कव्हर ओव्हर प्लॅटफॉर्म म्हणतात आणि ती गाळ्यांच्या हिशेबाने मंजूर होते. या मार्गावरच्या छोट्या स्थानकांवर हे गाळे बहुधा जिन्याच्या आसपास आटोपतात. पावसाळ्यात काय होतं ते रोज जाणाऱ्यांना ठाऊक आहे. सगळी गर्दी शेडखाली गोळा होते, गाडी फलाटावर शिरली की टोकाच्या डब्यांचे लोक ओल्या फरशीवरून धावत सुटतात, आणि मधल्या डब्यांत कोंबाकोंब होते. छताची लांबी गर्दीची वाटणी ठरवते. उंची ती ठरवत नाही.

हे फक्त गरीब देशात होतं असंही नाही. बर्लिनचं नवं मुख्य स्थानक २००६ साली विश्वचषक फुटबॉलच्या आधी उघडायचं होतं. वेळ वाचवण्यासाठी त्याचं काचेचं छत सुमारे ४३० मीटरवरून ३२१ मीटरवर आणलं गेलं. लांब पल्ल्याच्या जोडगाड्यांच्या टोकाच्या डब्यांचे प्रवासी तेव्हापासून उघड्यावर उभे राहतात. वास्तुकार माइनहार्ड फॉन गेर्कान न्यायालयात गेले आणि पहिल्या फेरीत जिंकलेही, पण तो खटला जमिनीखालच्या फलाटांना कमानदार तक्तपोशीऐवजी सपाट तक्तपोशी लावली याबद्दल होता. स्थापत्याला जिथे दुखलं ती जागा अवकाशाची होती.

भव्यतेचे पुरस्कर्ते इथे म्हणतील, तुम्ही माणसाला फक्त भिजू नये असं शरीर समजता, त्याला सन्मान हवा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण सन्मान म्हणजे वर पाहून थक्क होणं, हे मला मान्य नाही. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा लोकलने येणाऱ्यांत म्हातारी माणसं पुष्कळ असतात आणि पाऊस नुकताच धरलेला असतो. डोक्यावर बोचकं घेतलेल्या बाईला शेवटच्या डब्यापासून जिन्यापर्यंत न भिजता, न घसरता जाता येणं, हा सन्मान आहे. तिच्याकडून कौतुकाची अपेक्षाही तो करत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांची बरोबर आहे. खालचा पत्रा एप्रिल-मे महिन्यांत भाजतो, आणि उंच छताखाली गरम हवा वर निघून जाते. तिकीटघर, जिन्याचं तोंड, जिथे माणसं चारही दिशांनी येऊन मिसळतात, तिथे अवकाश जरूर द्यावा. १९२५ सालच्या पुणे स्थानकाच्या इमारतीत तो आहे आणि तिथे तो शोभतो. फलाटावर मात्र उष्णतेचा उपाय उंची वाढवणं हा नाही. दुपदरी पत्रा, मधे उष्णतारोधक थर, माथ्यावर हवा जायला फट, हे पिंपरी-चिंचवडला कोणी शिकवायला नको. या पट्ट्यातल्या जुन्या कारखान्यांवर करवती छपरं आहेत. उत्तरेचा उजेड आत यावा आणि ऊन येऊ नये म्हणून ती तशी कापली. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला काय लागतं ते पाहून छत ठरवायची रीत इथे साठ वर्षांहून जुनी आहे. तीच माणसं पाळी सुटल्यावर फलाटावर येतात.

आकुर्डीच्या नकाशांत म्हणून मला दर्शनी चित्राऐवजी फलाटाचा आडवा छेद पाहायचा आहे, तोही पहिल्या आणि बाराव्या डब्याच्या दारापाशी घेतलेला. त्यात पावसाची तिरकी रेषा काढलेली असावी, आणि छताची कड डब्याच्या दारापासून किती लांब आहे ते लिहिलेलं असावं. वरून पंचवीस हजार व्होल्टची तार जाते, तेव्हा कड डब्यावर टेकवता येणार नाही. सुरक्षित अंतर सोडावंच लागेल. ते सोडून उरलेल्या अंतराचा जाब मात्र आराखडा करणाऱ्याकडे मागता येतो. पुणे–लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा प्रस्ताव पुढे सरकला की या मार्गावरचे कित्येक फलाट हलतील आणि त्यांच्यावरच्या शेडही नव्याने उभ्या कराव्या लागतील. खांब कुठे रोवायचे आणि गाळे किती मंजूर करायचे, हे त्याआधी ठरायला हवं.