विकल्पांचा चातुर्मास

मनुष्याच्या स्वातंत्र्याचे माप त्याच्यासमोर खुल्या असलेल्या वाटांच्या संख्येवरून घ्यावे, की त्या वाटांविषयी त्याच्या चित्तात उरलेल्या ओढीवरून घ्यावे, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी पुष्कळ घोळविलेला असला, तरी तो कधी काळी सायकलच्या मागच्या चाकापाशी येऊन ठाकेल अशी कल्पना त्यांपैकी कोणी केली असेलसे वाटत नाही. मराठवाड्यातील काळ्या मातीने मात्र तो तेथे आणून उभा केला आहे. हिंगोलीहून औंढ्याकडे किंवा नर्सीकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून हळदीच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधील एखाद्या पांदणीला सायकल लागली, की आषाढातली ती चिकण माती चाकाबरोबर वर चढते, चेन, दाते आणि चेनला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारी ती नाजूक यंत्रणा यांना सारख्याच ममतेने लिंपून टाकते, आणि एकवीस गिअरांची ऐट मिरविणाऱ्या सायकलीवर बसून निघालेला स्वार तिलाच खांद्यावर घेऊन परत येतो. अशा वेळी दुकानातला कारागीर फारसा विचार न करता म्हणतो, “गुरुजी, गिअर काढून टाका.” मीही ते काढून टाकविले, चेन तोडून आखूड झाली, पुढे 32 दात्यांचे आणि मागे 16 दात्यांचे एकच चक्र राहिले, आणि पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला मागचे चाक बरोबर दोनदा फिरू लागले.

मनाची लबाडी सुरू होते ती यानंतर. जे चिखलाच्या तगाद्याने सोडावे लागले, ते वैराग्याच्या खात्यावर जमा करून घेण्याची मनुष्याला विलक्षण घाई असते.

आधी जे सोडले त्याचा जमाखर्च नीट पाहिला पाहिजे. पुढे 42, 34 आणि 24 दात्यांची तीन चक्रे आणि मागे 14 पासून 28 दात्यांपर्यंतची सात, अशी बाजारातल्या साध्या एकवीस गिअरांची मांडणी असते. पण पुढच्या मोठ्या चक्रावरून मागच्या 28 वर चेन घातली काय, किंवा पुढच्या लहान चक्रावरून मागच्या 16 वर घातली काय, दोन्हीकडे गुणोत्तर दीडच येते. अशा पुनरुक्ती आणि चेन तिरपी ओढली जाते म्हणून कारागीर टाळावयास सांगतो त्या जोड्या वजा केल्या, म्हणजे एकवीस विकल्पांचा तो दरबार बराच विरळ होतो. शिवाय गिअर चढाचे श्रम माफ करीत नाही. तो केवळ त्यांचे हप्ते पाडून देतो. जोर कमी लावावा, तर फेरे अधिक घालावे लागतात. टेकडीचे येणे पै न पै वसूल होतेच. यावरून दिसते ते असे, की गिअर हा भोग नव्हे आणि गिअरचा त्याग हाही त्या अर्थाने त्याग नव्हे. वसुलीची पद्धत तेवढी बदलते.

तथापि या दातेरी चक्रांत नीती शोधण्याचा मोह केवळ आपल्यालाच होतो असे नाही. 1903 साली फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल-शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना बदलते गिअर म्हणजे पुरुषार्थाची हानी वाटत असे; पंचेचाळिशी उलटलेल्यांनी हवे तर ते वापरावेत, असा त्यांचा अभिप्राय होता, आणि 1937 पर्यंत त्या शर्यतीत चेन सरकविणारी यंत्रणा स्पर्धकांना निषिद्ध होती. परिणाम असा, की आल्प्सच्या पायथ्याशी येताच ते शूर पुरुष खाली उतरून, मागचे चाक सोडून, उलटे करून दुसऱ्या बाजूचे चक्र कामाला लावीत. ज्या दिवशी नियम कडक होतो त्याच दिवशी त्यातून वाट काढणारा कारकून जन्माला येतो, हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागू नये.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. पहाटे दुधाच्या किटल्या लटकवून जड, काळ्या सायकलीने गावात येणाऱ्या गवळ्याने एका गिअरवर सारे आयुष्य काढलेले असते. त्याला कोणी विरक्त म्हणत नाही, आणि म्हटले तर तो हसेल. मग ज्याने एकवीस गिअर विकत घेतले आणि नंतर काढविले, त्याच्याच खात्यावर पुण्य का पडावे? पतंजलींचे उत्तर या ठिकाणी कामास येते, कारण योगसूत्रांच्या पहिल्याच पादात वैराग्याचे लक्षण सांगताना ते विषयांच्या अभावाबद्दल बोलत नाहीत. पाहिलेल्या आणि ऐकलेल्या विषयांविषयीची तृष्णा ज्याच्या ताब्यात आली, त्याच्या त्या ताब्याला ते वैराग्य म्हणतात. या न्यायाने एकवीस गिअर असूनही पहिल्यावर स्वस्थ चालणारा विरक्त ठरतो, आणि औंढ्याच्या चढावर धापा टाकीत काढलेल्या गिअरांचे स्मरण करणारा संसारीच राहतो. गवळी तर या दप्तरात नोंदलाच जात नाही. त्याचा प्रश्न तृष्णेचा नाही, न्यायाचा आहे, आणि तो अध्यात्माच्या पडद्याआड ढकलणे मला अप्रशस्त वाटते.

मात्र एकनिष्ठेची बाजू यामुळे निकालात निघत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निश्चयी बुद्धी एकच असते आणि अनिश्चितांची बुद्धी अनंत फाट्यांची असते असे म्हटले आहे, त्याचा प्रत्यय चढावर येतो: गिअर असता स्वार अर्धा वेळ मागच्या निवडीला दोष देतो आणि अर्धा वेळ पुढची करतो, एकच चक्र असता उभे राहून पायडल मारावे किंवा खाली उतरून चालावे, एवढाच निर्णय उरतो, आणि तो बहुधा टेकडीच घेते. पण या एकपणाचीही परीक्षा असते, आणि तिचा शेवट याच जिल्ह्यात झालेला आहे. नर्सीत 1270 साली जन्मलेल्या नामदेवांइतका एकनिष्ठ भक्त दुसरा कोण होता? विठ्ठलावाचून त्यांना दुसरे ठाऊक नव्हते. आणि तरीही, परंपरा सांगते, गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली तेव्हा कच्चे निघाले ते नामदेवच, कारण इतरांनी निमूटपणे सोसले ते त्यांना अपमानाचे वाटले. मग औंढ्याला नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर त्यांना भेटले, आणि विसोबांचे पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंडी उमटू लागली. नामदेवांची निष्ठा विसोबांनी मोडली नाही. तिच्या भोवतीची भिंत पाडली. भिंत पडली नसती, तर पंढरपूर सोडून पंजाबात घुमानपर्यंत जाणारे आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात ज्यांची एकसष्ट पदे मानाने विराजमान आहेत ते नामदेव आपल्याला लाभले नसते. एकच चक्र ठेवून रस्त्यावरच्या इतर स्वारांकडे कीव करून पाहणाऱ्याच्या डोक्यावर त्या थापटण्याची एक टपली पडावी, असे मला प्रांजळपणे वाटते.

मग सोडण्याला अर्थ कोणता? मला वाटते, आपल्या घरांतल्या बायकांनी याचे उत्तर संन्याशांहून अधिक शहाणपणाने दिले आहे. आषाढी एकादशीला कांदा, लसूण, वांगे सोडावे, चार महिने त्या पदार्थांची निंदा न करता त्यांच्यावाचून राहावे, कार्तिकीला नेमाची समाप्ती करावी आणि चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत चवीने जेवावे; त्या बाईला कोणी व्रतभ्रष्ट म्हणत नाही. मुदतीचा त्याग हा कमअस्सल त्याग आहे, ही समजूत मठांतली असेल, घरातली नव्हे. पुन्हा घेण्याचा हक्क राखून सोडले, म्हणजे सोडलेल्या वस्तूचा द्वेष करण्याची गरज पडत नाही, आणि द्वेष ही तृष्णेचीच दुसरी वहिवाट आहे. काळ्या मातीचा चिखल आणि चातुर्मास एकाच सुमारास लागतात व एकाच सुमारास आटोपतात, हा योगायोग मी आनंदाने मान्य करतो.

म्हणून काढलेले गिअर मी कारागिराला विकले नाहीत. तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. कुमारसंभवात घोर तप करणाऱ्या पार्वतीला बटूच्या वेषात आलेले शंकर, शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण देतात आणि तप झेपेल तेवढेच करते आहेस ना, असे विचारतात. पार्वती त्या विचारण्याने डळमळली नाही, हे खरे. पण तिची पंचेचाळिशी उलटलेली नव्हती, आणि माझे गुडघे कार्तिकीची वाट पाहत आहेत.