न जाळणारा अग्नी आणि चालू न होणारा लॅपटॉप

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या रस्त्यावर पाटी आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, पण लॅपटॉप बगलेत मारून निघालेला माणूस टॅक्सीवाल्याला अजूनही ‘लॅमिंग्टन रोड’ असंच सांगतो. तिथल्या दुरुस्तीच्या गाळ्यांत येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. काल रात्रीपर्यंत मस्त चालत होता, सकाळपासून एकदम डेड. सोबत कारणही तयार असतं. अपडेट टाकलं म्हणून, पोरानं गेम खेळला म्हणून, लाइट गेली-आली म्हणून.

न्यायशास्त्रानं या सवयीसाठी एक गाढव बांधून ठेवलं आहे. मडकं घडण्याआधी माती वाहणारं गाढव तिथं हजर असतं, पण म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही. ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात अशा फुकटच्या हजेरीवाल्यांना, म्हणजे अन्यथासिद्धांना, ओळीनं उभं केलं आहे. त्यात कुंभाराचा बापही आहे. ग्राहकाच्या यादीतलं अपडेट बहुधा याच रांगेतलं.

कारागीर ती यादी ऐकून घेतो आणि मल्टिमीटर उचलतो. अडॅप्टरमधून १९ व्होल्ट येतात का? येतात. बोर्डवर, चार्जिंगच्या पिनपुढच्या मॉस्फेटपर्यंत, म्हणजे करंट सोडणाऱ्या स्विचपर्यंत, पोचतात का? पोचतात. त्याच्या पुढे? शून्य. पॉवरचं बटण दाबण्याआधीच ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइन जाग्या असायला हव्यात, त्याही झोपलेल्या. मग मीटर बीपवर लावून तो मुख्य लाइन जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडून पाहतो. बीप वाजते. शॉर्ट आहे.

आता खरा खेळ. त्या लाइनवर तिळाएवढे डझनावारी कपॅसिटर बसलेले असतात, एकमेकांना समांतर. त्यातला चोर कोणता? बोर्डवर रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर देऊन पांढुरका थर बसवतात आणि बाहेरच्या सप्लायमधून जेमतेम एक व्होल्ट सोडतात. सगळा करंट शॉर्टकडे धावतो, तो कपॅसिटर तापतो आणि नेमका त्याच्यावरचा पांढरा थर वितळून काळा ठिपका उघडा पडतो. गरम हवेनं तो कपॅसिटर उचलायचा, मीटर पुन्हा लावायचा. बीप बंद. कित्येकदा त्याच्या जागी नवा न बसवताही लॅपटॉप सुरू होतो. शेजारचे भाऊबंद काम सांभाळून घेतात. (चांगला कारागीर तरीही नवा बसवतो, ते वेगळं.)

म्हणजे इथं काही घातलंच नाही, फक्त काढलं. मग लॅपटॉप सुरू झाला तो कशामुळे?

हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात अग्नीच्या निमित्तानं लढवला गेला आहे. जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर अग्नी जाळत नाही आणि मणी दूर केला की जाळतो, असं उदाहरण दोन्ही पक्ष मान्य करतात. असा मणी कुणी पाहिला, हे विचारायचं नाही. मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणतात, अग्नीत दाहशक्ती नावाची डोळ्यांना न दिसणारी वस्तू आहे. मण्यानं ती नष्ट झाली, मणी हटला की पुन्हा उपजली. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणतात, एवढ्या शक्ती उपजवायच्या आणि मारायच्या कशाला? अग्नी, लाकूड यांच्या जोडीला ‘प्रतिबंधक नसणं’ हेही एक कारण मानलं की भागतं. अभाव, म्हणजे नसणं, हा त्यांच्या सात पदार्थांपैकी, म्हणजे वस्तूंच्या मूळ प्रकारांपैकी, एक असल्यामुळे त्याला कारण म्हणायला त्यांना संकोच वाटत नाही.

‘यात जीवच राहिला नाही’ म्हणणारा ग्राहक मीमांसक, आणि रोझिनचा धूर देणारा नैयायिक. टेबलावरचा निकाल बहुतांशी दुसऱ्याच्या बाजूनं लागतो.

नेहमीच लागतो असं मात्र नाही. कधी सगळे व्होल्टेज जागच्या जागी असतात, शॉर्ट कुठेच नसतो, तरी बोर्ड मुका. कारागीर बायॉसची, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रॅमची, चिप काढतो, प्रोग्रॅमरवर ठेवून तिच्यात तोच प्रोग्रॅम नव्यानं लिहितो, परत बसवतो. आणि पडदा उजळतो. एकही सुटा भाग बदलला नाही, काही काढूनही टाकलं नाही. इथं मीमांसक मिशीत हसला तर त्याला दोष देता येणार नाही. नैयायिक अर्थात म्हणेल की बिघडलेली मांडणी नीट केली, यात शक्ती कुठून आली? त्याचं म्हणणं पटतं, पण इथं त्याला जरा धावपळ करावी लागते.

याच गाळ्यांत सकाळी गणपतीला उदबत्ती लागते आणि खंडेनवमीला हॉट एअर मशीनवर हळदकुंकू पडतं. त्यामुळे काम होतं का? सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’वरच्या आपल्या ‘दीपिके’ची सुरुवातच या वादानं केली आहे. मंगलाचरण, म्हणजे आरंभीचं देवस्तवन, असूनही काही ग्रंथ पुरे झाले नाहीत, काहींना ते नव्हतं आणि ते पुरे झाले. मग मंगल हे समाप्तीचं कारण कसं? अन्नंभट्टांचं उत्तर असं की पहिल्यांत विघ्नंच जास्त होती, आणि दुसऱ्यांचं मंगल ग्रंथाबाहेर केलेलं होतं. हे उत्तर जरा सोयीचं वाटतं. नव्य नैयायिकांचा पक्ष अधिक प्रामाणिक आहे: मंगलानं विघ्न जातं, एवढंच त्याचं फळ, काम पुरं होतं ते बुद्धीनं आणि साधनांनी. विघ्नहर्त्यावर श्रद्धा ठेवून मीटर हातात घेणाऱ्याला यात कसलाच विरोध जाणवत नाही, आणि जाणवायचं कारणही नाही.

तेव्हा लॅपटॉप उद्या अचानक बंद पडला, तर अडॅप्टर आणि, निघत असेल तर, बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग नुसत्या अडॅप्टरवर चालू करून पाहा. साठलेला चार्ज निघून गेल्यानं काही मशीन तेवढ्यावरही उठतात. नाहीच उठला आणि दुकानदार ‘बोर्ड गेला, नवा घाला’ म्हणाला, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: शॉर्ट कोणत्या लाइनवर आहे? उत्तर नसेल, तर शेजारच्या गाळ्यात जा.