माती शुद्ध झाली, हिशेब मिटला का?



एखाद्याने अंगणात घाण केली आणि दुसऱ्या कोणी ती मुकाट्याने साफ केली, तर पहिल्याचा दोष संपतो का? एका लेखाचा अनुवाद करताना हा प्रश्न मला पडला. त्यात ‘बायोरेमेडिएशन’ असा शब्द होता. त्याला ‘जैवउपचार’ म्हणावे की ‘शुद्धी’, यात माझा अर्धा दिवस गेला. (मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, विज्ञानाचे शब्द जरा जडच जातात.)

तेलशुद्धीकरण कारखान्यांत टाक्यांच्या तळाशी काळा, चिकट तेलगाळ साचतो. तो मातीत मुरला की जमीन नापीक होते. आपल्या देशातील ‘टेरी’ या संस्थेने तेलाने माखलेल्या जागांवरूनच जिवाणू गोळा केले आणि त्यांतील पाच प्रकार एकत्र करून ‘ऑइलझॅपर’ तयार केले. पाच कशाला, एक का नाही? कारण कच्चे तेल म्हणजे असंख्य संयुगांचे मिश्रण. एकाला जे पचते ते दुसऱ्याला पचत नाही. मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळून हे जिवाणू मातीत पसरतात. मग माती उलथीपालथी करून हवा खेळती ठेवायची, ओलावा आणि पोषक द्रव्ये द्यायची आणि काही महिने थांबायचे.

अलास्काच्या किनाऱ्यावर १९८९ साली ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा तर किनाऱ्यावर मुख्यतः खतच टाकले गेले. तेल खाणारे जिवाणू तिथे आधीपासून होते. कमतरता होती ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची.

हे वाचून ‘पाहा, सूक्ष्म जीवसुद्धा निष्काम सेवा करतात’ असे लिहिण्याचा मोह मला झाला होता. पण ते खरे नाही. जिवाणू आपले पोट भरतात, इतकेच. त्यांनी आपल्याला क्षमा केलेली नसते. शिवाय शिसे किंवा कॅडमियम जमिनीत गेले, तर जिवाणू त्यांचे रूप बदलू शकतात, त्यांना नाहीसे करू शकत नाहीत. म्हणून मला वाटते, मातीची शुद्धी आणि माणसाचे प्रायश्चित्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जिवाणूंवर सोपवता येते. दुसरीत चूक कबूल करणे येते, भरपाई येते, आणि ती ज्याची त्यानेच करायची असते.

आमच्या भाषेत सांगायचे तर आपला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकला की कागदावर नफा दिसतो. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांच्या विषारी गाळाने जमीन आणि विहिरी नासल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा. तरी अर्जांमागून अर्ज होत राहिले. शेवटी २०११ साली न्यायालयाने ३७ कोटींहून अधिक रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितली.

चक्रवाढ व्याजाची गणिते मी आजवर कितीतरी सोडवली असतील. त्यातले मुद्दल म्हणजे कुणाच्या तरी विहिरीचे पाणी असू शकते, हे मात्र मला कधी सुचले नव्हते.