एकाचे औषध, सर्वांचे पाणी

महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रातील वाळणकोंडीत महसीर जातीचे जे मोठमोठे मासे काठावरून टाकलेल्या कुरमुऱ्यांसाठी निर्धास्तपणे वर येतात, त्यांचे रक्षण पहारेकऱ्याने नव्हे तर एका समजुतीने केले आहे : हे मासे वरदायिनी देवीचे आहेत आणि ते कोणी धरावयाचे नाहीत. या रक्षणाचे स्वरूप केवळ निषेधाचे आहे. मारू नये, धरू नये, एवढेच देवी मागते. एखाद्या माशाच्या कल्ल्यात कृमी शिरला तर तो काढावा असे तिचे फर्मान नाही, आणि तो न काढल्याचे पाप काठावरच्या भाविकाच्या माथी येते असे कोणी मानीत नाही. अहिंसेचा हा सर्वांत सोपा आणि, मला वाटते, सर्वांत सुखाचा प्रकार होय.

परंतु त्याच महाडात, किंवा महाबळेश्वराहून उतरलेली सावित्री ज्या पोलादपुरावरून वाहते तेथे, कोणी हौसेने घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तर हे सुख त्याला लाभत नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ साली निदान समोरचा समुद्र तरी होता. येथे भरतीचे पाणी बाणकोटच्या खाडीने महाडकडे चढते, याखेरीज समुद्राचा संबंध नाही. तेव्हा मीठ विकत आणून, मोजून, विरघळवून घरातच एक समुद्र निर्माण करावा लागतो. आणि ज्याने समुद्र निर्माण केला, त्याला देवीने तिचे पाहावे असे म्हणण्याची मुभा उरत नाही.

या घरगुती समुद्रात एके दिवशी माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात. हौशी मंडळी या रोगाला 'इक' म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्या एकपेशीय जीवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स असे भारदस्त नाव दिले आहे. तो माशाच्या त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसला जातो, मग गळून तळाशी किंवा खडकावर कवच धरून बसतो, त्या कवचात त्याचे विभाजन होते, आणि बहुधा पहाटेच्या अंधारात शेकडो पिल्ले बाहेर पडून यजमान शोधू लागतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. अफाट समुद्रात बहुतेकांच्या नशिबी हेच मरण असते, म्हणून तेथे हा जीव माशाला क्वचितच बुडवितो; काचेच्या चार भिंतींत मात्र कवच फुटते त्याच कोपऱ्यात मासा निजलेला असतो. स्वभाव बदललेला नाही, केवळ जागा आकसली आहे. या रोगाची फिर्याद कोणाविरुद्ध लिहावयाची असेल तर ती कृमीविरुद्ध नव्हे, भिंतीविरुद्ध लिहावी लागेल, आणि भिंत तर आपणच उभी केली.

औषध म्हणून पुष्कळदा तांबे वापरतात. ज्या तांब्याच्या कलशातले पाणी आपण पवित्र मानतो, तेच तांबे येथे विष म्हणून कामी येते, आणि तेही फार अरुंद मर्यादेत : लिटरमागे सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. याहून कमी झाले तर परजीवी वाचतो. जास्त झाले तर मासाच दगावतो. त्वचेखाली दडलेल्या किंवा कवचात बसलेल्या जीवाला ते पोहोचतच नाही, पोहत्या पिल्लांनाच मारते, म्हणून ही मात्रा दोन-तीन आठवडे रोज मोजून टिकवावी लागते. त्यातच प्रवाळाची वाळू व खडक तांबे शोषून घेतात, म्हणजे आजचे माप उद्या खोटे ठरते. आणि त्याच टाकीतील प्रवाळ, झिंगे, शंखगोगलगाई, ज्यांना हा रोग झालेलाच नव्हता, त्या मात्रेने मरतात. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू घटवते. क्षार हजारी पस्तीसवरून सोळापर्यंत उतरवावा तर मासा तगतो, पण तारामासा तगत नाही. मनुष्याच्या वैद्याला रोग्याच्या मुखात औषध घालता येते. येथे रोगी, निरोगी, शत्रू आणि शेजारी एकच पाणी पितात व त्यातच श्वास घेतात. पाण्यात टाकलेले औषध एका जीवाला दिलेले नसते, एका जगाला दिलेले असते.

जैन शास्त्रकारांनी इंद्रियांच्या संख्येवरून जीवांची प्रतवारी लाविली आहे. तीत मासा पंचेंद्रिय ठरतो. म्हणून त्याच्यासाठी कृमी मारावा काय? या प्रतवारीचा असा हिशेबी उपयोग मला रुचत नाही, कारण ती संयमासाठी सांगितली आहे, वधाचा परवाना म्हणून नव्हे. कृमी मारण्याचे समर्थन करावयाचेच तर ते माशाच्या श्रेष्ठत्वावर न करता आपल्या पत्करलेल्या जबाबदारीवर करावे, हे अधिक प्रामाणिक.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून चिकित्सेचे तीन मार्ग दिले आहेत : कृमी ओढून काढणे, त्याला पोसणारी प्रकृती पालटणे, आणि ज्या कारणांनी तो झाला ती कारणे सोडणे. मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ टाकीत हलवून गळलेले जीव मागे ठेवणे हा पहिला मार्ग. क्षार उतरवणे दुसरा. नवा मासा आणल्यावर त्याला काही आठवडे निराळ्या टाकीत ठेवल्याशिवाय मुख्य टाकीत न सोडणे तिसरा. हौशी मनुष्य बहुधा या तिसऱ्याला कंटाळतो आणि बाटलीकडे धाव घेतो.

निदानावाचून पाण्यात काही ओतण्याची खोड महाडने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी त्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी मंत्रोच्चारांसह १०८ घागरी पंचगव्याने ते 'शुद्ध' केले. त्या अपमानाला माशांच्या रोगाशेजारी बसविणे अश्लाघ्य होईल. मला केवळ ओतणाऱ्यांच्या मनाकडे बोट दाखवावयाचे आहे. पाण्याला काय झाले आहे, हे त्यांतील कोणी पाहिले नाही. रोग पाण्यात नव्हताच.

मुख्य टाकीत विष ओतल्याविना मार्ग नाही असे नाही. सर्व मासे उपचाराच्या निराळ्या टाकीत नेऊन तेथेच त्यांना तांबे दिले आणि मुख्य टाकी दोन-अडीच महिने माशांवाचून ठेवली, तर यजमान न मिळाल्याने परजीवी मरतो आणि प्रवाळ वाचतात. यात हात स्वच्छ राहिल्याचे समाधान अनेकांना मिळते; मला ते मान्य नाही, कारण अन्न रोखून मारणे हेही मारणेच. तरीही हा मार्ग मी वरचा मानतो : यात मरण ज्याच्यामुळे रोग त्याच्याचपुरते राहते, शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही. उरतो तो उपचाराच्या टाकीतील तांब्याच्या पाण्याचा प्रश्न. महाडच्या मोरीतले पाणी शेवटी सावित्रीकडे वळते, आणि रासायनिक कारखान्यांच्या शेजारामुळे तिच्या वाट्याला आधीच पुष्कळ आले आहे. तेव्हा मोरीत ओतण्यापूर्वी त्या पाण्यातले तांबे काढण्याची तजवीज करणे हा उपचाराचाच भाग धरावा लागतो, मासा तोवर बरा होऊन मुख्य टाकीत परतलेला असला तरी.