शाईसाठी, सटवाईकडे

आई सटवाई, मांजर तुझं वाहन. म्हणून हे मागणं दुसऱ्या कुठल्या देवाकडे न नेता तुझ्यापाशी आणलं आहे.

घरात बाळ जन्मलं की आम्ही तुझ्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. तू रात्री येतेस, कपाळी लिहून जातेस. सयामी मांजरांकडेही तू जात असशील, असं मला वाटतं. त्यांची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात; आईच्या पोटातल्या उबेत रंग उमटत नाही. बाहेरची हवा लागली की अंगाचे जे भाग थंड राहतात, तिथे हळूहळू काळसरपणा चढतो. आमची आली तेव्हा तीन महिन्यांची होती. कान, तोंड, पंजे, शेपूट, सगळं दौतीत बुडवून काढल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "हिला शाई म्हणा."

तिची नसबंदी झाली तेव्हा डॉक्टरांनी कुशीवरचे केस भादरले होते. थंडीचे दिवस होते. त्या उघड्या जागी नवे केस आले ते गडद. पुढच्या खेपेला केस गळून पुन्हा आले तेव्हा तो डाग गेला. लिहिलेलं पुसलंही जातं, हे मी तिच्या अंगावर पाहिलं आहे. त्याच भरवशावर तुझ्याशी बोलते आहे.

आई, तू तिला तान्ह्या बाळाचा आवाज दिलास. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कोणाचं बाळंतपण आहे का म्हणून. मी नऊ तास बाहेर, सासूबाई तेव्हा गावी. दिवसभराचं सगळं ती रात्री बोलायची. एका रात्री मी तिला स्वयंपाकघरात कोंडलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ ओरडली, मग शांत झाली. सकाळी दार उघडलं तर ती माझ्याकडे बघून तोंड उघडत होती, आणि आवाज फुटत नव्हता. घसा बसला होता. त्या रात्रीबद्दल मला क्षमा कर. तिने तर केव्हाच केली. तशीच येऊन पायात घुटमळली.

आता मला तिचं बोलणं थोडं समजतं. भुकेचं आखूड, बंद दाराचं लांब, आणि मी चपला काढत असताना चालू होतं ते नुसतं विचारपूस केल्यासारखं. मीही उत्तर देते. सकाळ-संध्याकाळ पाव-पाव तास काठीला दोरीने बांधलेलं पीस घेऊन तिला पळवते. ती दाराच्या चौकटीएवढी उडी मारते, दमते, आणि रात्री माझ्या पोटरीला टेकून झोपते. हे पाव तास माझ्याकडून कधी चुकू देऊ नकोस. खेळ संपला की दोरी कपाटात ठेवायची आठवण दे, ती गिळली तर आतडी कापते. बाल्कनीची जाळी धड राहू दे. आणि घरातल्या कोणाच्याही हातून, मायेपोटीसुद्धा, तिला आपली तापाची पॅरासिटामॉल जाऊ देऊ नकोस. मांजराला ती विष आहे.

तिचं मूळ सयामचं, आजच्या थायलंडचं. तिथे या जातीला विचियनमात म्हणतात. त्यातलं विचियन म्हणजे आपलंच वज्र, हिरा. १८७९ साली असंच एक मांजर बँकॉकहून समुद्रापार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी भेट म्हणून पोचलं. तिथे त्याचे खूप लाड झाले, पण ते वर्ष सरायच्या आत आजारी पडून गेलं. त्याच्याही कपाळी तूच लिहिलं असशील. मी जाब विचारत नाही, पण अजून वाईट वाटतं.

निळे डोळे पाहून हिच्या जातीला घरी नेतात आणि आवाजाला कंटाळून सोडून देतात, अशा दारात हिच्या बहिणींना नेऊ नकोस. ज्या घरी दिवसा माणूस असतं, निदान सोबतीला दुसरं मांजर असतं, तिथे त्यांचं पान मांड.

शाई म्हातारी होईल. तेव्हा रात्री जास्त ओरडू लागली, तर "हिची सवयच आहे" असं मला म्हणू देऊ नकोस. वाढलेल्या थायरॉइडचं दुखणंही याच आवाजात बोलतं. आणि कधी ती एकदम गप्प झाली, तर त्याच दिवशी मला डॉक्टरांच्या दारात उभं कर.

उद्या तिचे दात दाखवायला न्यायचं आहे. रिक्षात बसल्यापासून दवाखाना येईपर्यंत ती ओरडत राहील. मांडीवरच्या पिंजऱ्याच्या जाळीला बोट लावून मी तिच्याशी बोलत राहीन.