सात जणांना कोणी निवडले?

पुनरुत्थान काळातील पाचवा रविवार



आजच्या पहिल्या वाचनात (प्रेषितांची कृत्ये ६:१-७) यरुशलेमच्या ख्रिस्तसभेत कुरबुर उठलेली आपण ऐकतो. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रश्न भाकरीचा होता, म्हणजेच पैशाचा आणि विश्वासाचाही होता. अशा वेळी बारा प्रेषितांनी काय करावे? ते आपल्या अधिकारात सात जणांची नावे जाहीर करू शकले असते. पण त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले, माणसे कशी असावीत तेवढे सांगितले आणि निवड लोकांवर सोपवली. लोकांनी निवडले, मग प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

त्या सात जणांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती लोकांनी वाटप दिले असावे, असे ही नावे सुचवतात. आणि भाकरी वाटायला निवडलेले स्तेफन व फिलिप पुढे शुभवर्तमानाचे थोर साक्षीदार झाले. जबाबदारी मिळाली आणि माणसे वाढली.

नुकताच १ मे झाला. श्रमिक संत योसेफचा सण आपण साजरा केला. त्याच दिवशी आपल्या राज्यात गावोगावी ग्रामसभा भरवल्या जातात. त्या निमित्ताने राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात थोडा वेळ जाऊ या. तिथे हे तेंदूपानांच्या हंगामाचे दिवस. पहाटे कुटुंबेच्या कुटुंबे रानात जातात आणि दुपारी घरी बसून पानांचे पुडे बांधतात.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. घोषणा देणे सोपे असते. या गावाने तिच्यामागे जे उभे केले, ते शिकण्यासारखे आहे.

गावात दोन वेगळ्या बैठका होतात. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यास गट. अभ्यास गटात ज्याला वाटेल त्याने यावे, विषय समजून घ्यावा, कायदा वाचावा, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, वाद घालावा. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. एकाचे जरी मन वळले नाही, तरी विषय पुन्हा चर्चेला जातो. गावातले देवाजी तोफा आणि बाहेरून आलेले 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात ही पद्धत रुजली. बाहेरच्याने माहिती द्यावी, सल्ला द्यावा. ठरवायचे मात्र गावाने.

याचे फळ काय? २००६ साली वनहक्क कायदा झाला. अभ्यास करून बसलेल्या गावाला आपले काय आहे ते ठाऊक होते. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वप्रथम मिळालेल्या गावांत मेंढा आहे. पुढे बांबूचा प्रश्न आला. नवा कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता, तर जुन्या वनकायद्याप्रमाणे तो झाडात मोडत होता. त्यामुळे बांबूवर गावाचा हक्क, पण तो बाहेर नेऊन विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. गाव अडून राहिले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ साली याच गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे प्रत्येकाच्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा. यरुशलेमचे पहिले ख्रिस्ती लोक आपले सर्व काही समाईक मानत, हे आपण दरवर्षी ऐकतो. गोंडांच्या एका गावाने ते आपल्या परीने करायचे ठरवले. पवित्र आत्मा वाहतो तेव्हा आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहून वाहत नाही.

याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले: बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, औषध देणे. दवाखाना दूर होता, पण ही बाई शेजारच्या घरात होती. ३९ गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यूचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेकडो मैलांवरच्या मोठ्या डॉक्टरापेक्षा शिकलेली शेजारीण अनेकदा अधिक बाळे वाचवते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत या गोष्टीला जुने स्थान आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात सांगितले की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. लक्षात घ्या, त्यांनी 'गैरसोय' असा शब्द वापरला नाही. 'अन्याय' म्हटले. कारण देवाने प्रत्येकाला बुद्धी दिली आहे आणि जे वापरण्याची संधीच मिळत नाही, ते दान गंजते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात अवघ्या ख्रिस्तसभेला एकत्र चालायला आणि एकमेकांचे ऐकायला बोलावले, तेही याचसाठी.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. आपले सण आपण थाटात करतो, गरजूंना मदतही करतो. पण ही मदत कोणाला द्यायची हे ठरवताना मदत घेणारा कधी बैठकीत असतो काय? छोट्या ख्रिस्ती समूहाच्या सभेत ज्या बाई मागे बसतात, त्यांचे मत कोणी विचारतो काय? धर्मशिक्षण वर्गात मुले उत्तरे पाठ करतात. ती प्रश्न विचारतात काय? धर्मगुरूंच्या काही वर्षांनी बदल्या होतात. एक जातात, दुसरे येतात. धर्मगुरू गेल्यावर जे काम थांबते, ते धर्मग्रामाचे काम होते की एका माणसाचे?

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पाळकीय परिषदेच्या पुढील बैठकीपूर्वी प्रत्येक छोट्या समूहाने महिन्यातून एकदा फक्त अभ्यासासाठी जमावे. एक विषय घ्यावा: धर्मग्रामाचा जमाखर्च, मुलांचे शिक्षण, विहिरींचे पाणी, वृद्धांची काळजी, वाढते व्यसन. जाणकाराला बोलवावे. त्या दिवशी ठराव नको, हात वर करणे नको. सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यात आधी बोलू द्यावे. मग परिषदेत निर्णयाला या. वेळ लागेल. मेंढ्यालाही वर्षे लागली.

आजच्या दुसऱ्या वाचनात पेत्र आपणा सर्वांना जिवंत दगड म्हणतो. मृत दगड गवंडी ठेवील तिथे राहतो. जिवंत दगडाला भार उचलण्यात आपला वाटा ठाऊक असतो. आणि शुभवर्तमानात (योहान १४:१-१२) येशू आपल्या शिष्यांना अभय देतो की, त्याच्यावर विश्वास ठेवणारा त्याच्याहूनही मोठी कामे करील. आपल्या शिष्यांनी आपल्यापुढे जावे असे म्हणणारा गुरू आपल्याला लाभला आहे. त्याचे नाव घेणाऱ्या आपण कोणाला मागे बसवून ठेवू नये, हीच आज वेदीपाशी प्रार्थना करू या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू