शलमोनाने काय मागितलं?

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाचं काळोखं भुयार लागतं. वटवाघळांचा उग्र वास, वेड्यावाकड्या पायऱ्या. भरदुपारी मोबाईलचा उजेड पाडावा लागतो. 1327 साली मुहम्मद बिन तुघलकाने याच गावी राजधानी आणली. माणूस अडाणी नव्हता. तर्कशास्त्र, गणित, वैद्यक, सगळ्यात गती. तरी दिल्लीकरांना इथवर फरपटत आणलं, आणि काही वर्षांत पुन्हा माघारी! विद्वत्ता उदंड होती. कुणाला विचारायची सवय नसावी.

बायबलमधला शलमोनही राजाच. गिबोनात देव स्वप्नात आला, हवं ते माग म्हणाला. त्याने दीर्घायुष्य मागितलं नाही, धन नाही, वैऱ्याचा जीवही नाही. मी अजून पोर आहे, मला कळत नाही, अशी कबुली देऊन प्रजेचा न्याय करण्यापुरती समज मागितली. पाठोपाठ एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन बाया दरबारात हजर! मिळालेली समज लगेच कामाला जुंपली गेली.

आपण मात्र आधी ठरवतो, मग देवाची सही मागतो. याकोब आपल्या पत्रात धीर देतो: शहाणपण मागणाऱ्याला देव टोमणे मारत नाही.

आज एखादा निर्णय अडला असेल, तर फोन फिरवण्याआधी 1 राजे, अध्याय 3 वाचा आणि तेवढंच मागा.